दोन घरचा पाहुणा

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘आरएफसी ९११९’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. विषय आहे वाय-फायसारख्या बिनतारी जाळ्यावर एकाच वेळी अनेकांना पाठवलेले संदेश. दस्तऐवज मोफत मिळतो, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांबरोबर वाचण्याजोगा आहे. त्याचा शेवट मात्र मला पटला नाही.

आधी अडचण पाहू. जाळ्यातल्या एका संगणकाला दुसरा शोधायचा असला की तो सगळ्यांना विचारतो, “अमुक पत्ता कोणाचा?” आपण वर्गात “सतरा नंबर कोण?” असे विचारतो, तसेच हे. तारेच्या इथरनेटवर ही हाक स्वस्त पडते. एकाला मारा की सर्वांना, वेळ तेवढाच. वाय-फायवर एकाला पाठवलेल्या संदेशाची पोच येते, न आल्यास तो पुन्हा पाठवता येतो. सर्वांना पाठवलेल्याची पोच नसते. म्हणून तो सर्वांत मंद उपकरणालाही कळेल अशा वेगाने पाठवतात. शुद्धलेखन घालताना आपण सगळ्यात हळू लिहिणाऱ्याकडे बघतोच ना?

फळ्यावर हिशेब मांडा. १५०० बाइट म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला ३० कोटी बिट या वेगाने त्यांना ४० मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला १० लाख बिट या जुन्या मूळ वेगाने १२ मिलिसेकंद. तीनशे पट! आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचे. (हाकेचा संदेश लहान असतो हे खरे, पण मोठ्या सभागृहात हाका थांबतच नाहीत.)

दुरुस्ती कोणी करायची? वाय-फायचे ८०२.११ हे नियम आयईईईचे, त्यावरून धावणाऱ्या संदेशांचे आयईटीएफचे. दोघांनीही ठिगळे लावली आहेत. आयईईईच्या २०११ च्या ८०२.११व्ही मध्ये अॅक्सेस पॉइंटने उपकरणाच्या वतीने परस्पर उत्तर देण्याची सोय आहे. आयईटीएफच्या २०१८ च्या आरएफसी ८५०५ मध्ये उपकरणांनी आपला पत्ता आधीच नोंदवायचा असतो. हजेरीपट असला की हाक नको.

९११९ मधले अडचणींचे वर्णन उत्तम आहे. पण तो केवळ माहितीपर, कोणावर बंधन नाही. शेवटाकडे तर आयईईईच्या समित्यांनी या प्रश्नाकडे पुन्हा पाहावे, असे सुचवले आहे. हे खटकते. शेजारी शोधण्याचे आयपीव्ही६चे नियम आयईटीएफने १९९६ मध्ये लिहिले, तेव्हा ८०२.११ जन्मालाही आले नव्हते. चूक क्षम्य होती. २००७ मध्ये ते सुधारले तेव्हा लॅपटॉपमध्ये वाय-फाय सर्रास होते. तरी हाक तशीच राहिली. आयईईईही निर्दोष नाही. वाय-फायने वरच्या थरापुढे ‘मी इथरनेटच’ असा आव आणला. माझ्या मते हाका कमी करणे आयईटीएफचे काम, उरलेल्या नीट पोचवणे आयईईईचे. आणि पहिले काम आधी व्हायला हवे.

तोवर मोठ्या जाळ्यांचे व्यवस्थापक असे संदेश सरळ अडवून टाकतात. मग भिंतीपलीकडचा प्रिंटरही संगणकाला सापडत नाही, आणि आपण पेन ड्राइव्ह घेऊन उठतो.