दुःख आणि आनंद : बायबलमधील एक भासमान विसंगती

बायबलच्या चिकित्सक वाचकाला दुःख व आनंद यांविषयीची वचने परस्परांना छेद देताना आढळतात. ‘उपदेशक’ या ग्रंथाच्या ७ व्या अध्यायात हास्यापेक्षा खेद बरा ठरतो. ८ व्या अध्यायात तोच उपदेशक आनंदाची प्रशंसा करतो. ‘नीतिसूत्रे’ प्रसन्न मनाला औषध मानतात, तर डोंगरावरील प्रवचनात येशू शोक करणाऱ्यांना धन्य म्हणतो. ही विसंगतीच मानावी काय?

भक्तिपरंपरेत वाढलेल्या वाचकाला एक उत्तर सहज सुचते. जयपूरजवळ आमेरच्या जगत् शिरोमणी मंदिरातील कृष्णमूर्ती मीरेच्या पूजेतील, असे परंपरा सांगते. मीरेच्या विरहभक्तीत वेदना हेच आनंदाचे रूप होते. परंतु हे उत्तर बायबलला जसेच्या तसे लावता येत नाही. लाजराला आपण उठविणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडतो. तेथे अश्रू हे अश्रूच राहतात.

माझ्या मते वचन कोण, कोणाला आणि कोणत्या अवस्थेत उच्चारतो, हे पाहणे अगत्याचे आहे. फिलिप्पैकरांना सदैव आनंद करण्यास सांगणारा पौल बंदिवासातून लिहीत आहे. त्या शब्दाची किंमत त्याने स्वतः मोजली आहे. याउलट ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसतात, तोवर ते खरे मित्र असतात. पुढे ते त्याच्या दुःखाचा अर्थ लावू लागतात आणि अखेरीस देवाच्या रोषाला पात्र होतात. त्यांची कित्येक वाक्ये सुटी वाचली तर निर्दोष वाटतील. दोष ती ईयोबासमोर उच्चारण्यात आहे.

याकोबाचे पत्र या मांडणीला अडचणीचे आहे, हे मान्य केले पाहिजे. संकटांना आनंद माना, असे तो इतरांनाच सांगतो. पण त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात दुःखिताने प्रार्थना करावी व आनंदिताने स्तोत्रे गावीत, अशी निराळी व्यवस्था आहे. दुःखितावर गाण्याची सक्ती नाही.

मराठीत या प्रश्नाचा जिवंत प्रत्यय लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त येतो. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी धर्मांतर केले आणि पती-पत्नींची ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रकाशित झालेल्या या आत्मकथनात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन वाचताना हसू आवरत नाही, आणि त्याच हशाआड घरातल्यांचे हाल दिसत राहतात. हास्य दुःखाला पुसत नाही, दुःख हास्याला लाजवत नाही. सोसण्यावर तत्त्वज्ञानाचे पांघरूण घालण्याची लक्ष्मीबाईंना घाई नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक कठोर आहे. १९२१ मध्ये त्यांची कन्या मनोरमा वारली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तडीस नेऊन १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. शोकाची व हर्षाची दोन्ही वचने त्यांना मराठीत आणावी लागली. एकासाठी दुसरे गाळण्याची मुभा भाषांतरकाराला नसते.

समीक्षकानेही ती घेऊ नये. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आनंदितांबरोबर आनंद आणि रडणाऱ्यांबरोबर शोक करण्याचा उपदेश एकाच वाक्यात आहे. त्यात दोन भावनांचा समन्वय नाही. समोरच्या माणसाकडे आधी पाहण्याची अट आहे. ती पाळली, तर बरीचशी विसंगती उरत नाही. आणि जी उरते, ती ग्रंथाइतकीच आपल्या जगण्यातही आहे.