अहवालातील नावे

मागच्या महिन्यात मला एक पत्र आले. आमच्या धाराशिव जिल्ह्यात परदेशी निधीवर चालणारी एक लहान संस्था आहे. तिच्या विश्वस्त मंडळावर मी यावे, अशी विनंती त्यात होती. कारणही दिले होते : मंडळावर ‘वंचित समाजाचा प्रतिनिधी’ असावा, असे देणगीदारांनी सुचविले आहे. पत्रासोबत पाच वर्षांचे वार्षिक अहवाल होते, गुळगुळीत कागदावर छापलेले. मी आयुष्यभर मराठी शिकविली. हाती मजकूर आला की तो कुणी लिहिला, कुणाविषयी लिहिला आणि कुणासाठी लिहिला, हे विचारण्याची खोड जडलेली. तेव्हा हे पाचही अहवाल मी साहित्यकृतीसारखेच वाचले.

प्रत्येक अहवालाचे पहिले पान संचालकांच्या मनोगताचे. संचालकांना चरित्र आहे. ते कोणत्या शहरात शिकले, कोणती नोकरी सोडली, दुष्काळी गाव प्रथम पाहिले तेव्हा त्यांना काय वाटले, हे सारे सविस्तर येते. पुढच्या पानावर विश्वस्तांची छायाचित्रे, खाली पूर्ण नावे आणि पदव्या. त्यानंतर कार्यकर्ते येतात. त्यांना नाव नाही, संख्या आहे. आणि शेवटी वस्तीतली माणसे. त्यांना संख्याही आहे आणि छायाचित्रही आहे; फक्त नाव नाही. डोक्यावर घागर घेतलेली बाई ‘एक लाभार्थी महिला’ असते. वाक्यरचना पाहा : संचालक पोहोचवितात, उभारतात, घडवितात, वस्तीला पोहोचविले जाते, उभारले जाते, सक्षम केले जाते. पाच वर्षांत वस्तीतल्या एकाही माणसाने कर्तरी प्रयोगात एक क्रियापद केलेले मला आढळले नाही.

आपल्या वाचकांना ही रचना नवी नाही. दलितांविषयी कळवळ्याने लिहिलेले साहित्य मराठीत पूर्वीही होते. त्यात दलित माणूस होता, पण तो पाहिला जाणारा होता, पाहणारा नव्हता. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आले, आणि पाहण्याची दिशाच फिरली. साहित्यात हे घडून चाळीसहून अधिक वर्षे झाली. संस्थांच्या अहवालात ते अजून घडायचे आहे. तिथे सहानुभूतीचेच राज्य आहे, आणि सहानुभूती बाळगणाऱ्याचीच छायाचित्रे मोठी आहेत.

आणखी एक गोष्ट. त्या पाच अहवालांत ‘जात’ हा शब्द एकदाही येत नाही. ‘दुर्बल घटक’ येतो, ‘उपेक्षित’ येतो. दारिद्र्याचे कारण म्हणून अवर्षण येते. पाऊस कमी पडतो हे खरे. परंतु पाऊस महारवाड्यावर आणि पाटलाच्या वाड्यावर सारखाच कमी पडतो. मग तहान वेगवेगळी का लागते, हा प्रश्न अहवाल विचारीत नाही. विचारला तर उत्तरात माणसे येतील, आणि ती माणसे त्याच गावची असतील.

हे मी आकसाने लिहीत नाही. संस्थांचे अन्न मी खाल्लेले आहे. १९७२ च्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जात होतो. तिथली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाऊन आमची पिढी जगली. उपाशी माणूस धान्याची जात विचारीत नाही. पण जगल्यावर विचारावी लागते.

मला ती विचारावी लागली १९९३ साली. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपाने जमीनदोस्त झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. देशातून, परदेशातून संस्था आल्या. अनेकांनी गावे दत्तक घेतली. अशाच एका संस्थेसाठी मी उमरगा भागात घरोघरची माहिती लिहून घेण्याचे काम केले. जागतिक बँकेच्या कर्जावर शासनाने आखलेल्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी बसवायची होती, आणि घर किती मोठे मिळणार हे जमिनीवर ठरत होते. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. दगडमातीच्या भिंती पडताना भूकंपाने लहानथोर पाहिले नाही. बांधताना मात्र पाहिले गेले. मी तंबूत बसून विचारायचा, “जमीन किती?” समोरचा बौद्ध किंवा मांग म्हातारा म्हणायचा, “कुठली आणली जमीन, बाबा?” आणि मी अडीचशे लिहायचा.

एका बैठकीत मी संस्थेच्या प्रमुखांना म्हणालो, हा निकष आपण मान्य कसा करतो? गृहस्थ सज्जन होते. रात्ररात्र जागत होते, आमच्याबरोबर पिठलं-भाकरी खात होते. ते म्हणाले, “हे आपल्या हातात नाही.” आणि ते खरेच होते. त्यांच्या हाती इमारत होती, निकष नव्हता. निकषाविरुद्ध भांडायचे तर शासनाशी आणि गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांशी भांडावे लागले असते, आणि तसे भांडण करायला त्यांना कुणी पाठविले नव्हते. ज्यांनी पाठविले होते त्यांना घरे मोजून हवी होती. त्या दिवशी मला कळले की संस्थेचा प्रमुख चांगला की वाईट, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कुणाला उत्तर देतो, हा पहिला प्रश्न. आमच्या म्हाताऱ्याला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते.

हा वाद आपल्या चळवळीला जुना आहे. योगायोग असा की त्याचीही तारीख ३० सप्टेंबरच, वर्ष १९३२. पुणे कराराच्या पाठोपाठ मुंबईत अस्पृश्यतानिवारक संघ स्थापन झाला, तोच पुढे हरिजन सेवक संघ. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर चिटणीस. बाबासाहेबांचे नाव आरंभी मध्यवर्ती मंडळावर होते. त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात, विलायतेच्या प्रवासातून, ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले. निवडक माणसांना विहीर, शिष्यवृत्ती, दवाखाना देऊन सुधारायचे, की ज्या परिस्थितीने त्यांना खाली दाबले तिच्याशी झुंजायचे, हा त्यातला मूळ सवाल होता. संघाने दुसरा मार्ग घ्यावा, नागरी हक्कांसाठी गावोगाव लढावे, आणि कामाला अस्पृश्यांतलीच माणसे घ्यावीत, असे त्यांनी सुचविले. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधींविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. संघाच्या नियामक मंडळात अस्पृश्यांना स्थान का नाही, याचे गांधीजींनी दिलेले उत्तरही तिथेच आहे : हा संघ सवर्णांच्या प्रायश्चित्तासाठी आहे.

प्रायश्चित्त करणाऱ्याला आपल्या शुद्धीची काळजी असते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला हिशेब हवा असतो. हे दोन्ही एकाच मंडळात बसले तर बैठक लांबते; म्हणून एकाला बोलावायचेच नाही, ही सोय.

बाबासाहेबांना सवर्णांची मदतच नको होती, असे मात्र कुणी समजू नये. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर होते. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम शिवतरकर. नाव, वजन, देणगी बाहेरून घेतली. कारभार घरात ठेवला. याच सभेने १९२५ साली आमच्या शेजारच्या सोलापुरात वसतिगृह काढले. आणि १९४१ साली याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब तिथे आले, तेव्हा तिचा अहवाल कुणा देणगीदाराला पाठवायचा नव्हता.

आपल्या भागात कारभार घरात ठेवण्याचा अलीकडचा मोठा प्रयोग शेजारच्या बीड जिल्ह्यात झाला. एकनाथ आवाड, पोतराजाचा मुलगा. नामांतराच्या लढ्यात घडलेला, विवेक पंडितांच्या संघटनेत वेठबिगारांमध्ये काम करून आलेला हा माणूस. त्यांनी तेलगावला ग्रामीण विकास केंद्र काढले आणि त्याच्या जोडीला मानवी हक्क अभियान उभे केले. परदेशी निधी त्यांच्याकडेही आला. पण त्या पैशाने त्यांनी हात घातला तो गायरानाला. दलितांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली गायरान जमीन नावावर करून द्या, ही ती मागणी. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिसत्याग्रहांपासून मराठवाड्यात चालत आलेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला खरा, पण कागद आणि सातबारा यांच्या मध्ये गाव उभे असते. उभ्या पिकात जनावरे सोडणारे गाव. आवाडांचे आत्मचरित्र ‘जग बदल घालुनी घाव’ वाचा. तिथे गावांची, मारणाऱ्यांची, मार खाणाऱ्यांची जात लपविलेली नाही. अहवालात जे कर्मणी प्रयोगात मरते, ते इथे कर्तरीत जिवंत आहे.

तरीही एक खंत नोंदवितो. लोक आवाडांना ‘जिजा’ म्हणत. ‘साहेब’ किंवा ‘सर’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे. पण नात्याच्या माणसाला आपण हिशेब विचारीत नाही. २०१५ साली ते गेले, आणि एका माणसाच्या छातीवर किती भार होता ते दिसले. आपल्या जातीचा प्रमुख आला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. त्यालाही वस्तीने उठवून बसवायची आणि वेळ आली तर उठवून घालवायची सोय हवी.

जामखेड आमच्या भूम-परांड्याला लागून. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे आरोग्यप्रकल्प सुरू केला. वस्तीतल्या अक्षरशत्रू बायांना, त्यांत दलित बायाही होत्या, आरोग्यसेविका केले; बाळंतपणे, औषधे, सभेत बोलणे शिकविले. हे काम जगाने पाहिले आणि ते पाहण्यासारखेच होते. पण नेतृत्व पुढे गेले ते आरोळ्यांच्याच घरात. ज्या बायांनी गावे बदलली त्यांच्यातून कुणी त्या खुर्चीवर का नाही, हे विचारणे कृतघ्नपणा नव्हे.

खुद्द आमच्या जिल्ह्यात भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने बायांना संवाद सहायक म्हणून पुनर्बांधणीत आणले. शासन आणि गाव यांच्या मध्ये पहिल्यांदा बाई उभी राहिली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक त्यांना मिळाले. गोपालन २०२२ मध्ये वारल्या. दुष्काळात बायांनी घरच्या जमिनीपैकी एक एकर मागून घ्यावे आणि त्यात खायची पिके लावावीत, ही त्यांची कल्पना मी बांधावर जाऊन पाहिली आहे. मला ती आवडते. फक्त, नवऱ्याकडे एक एकर मागायला नवऱ्याकडे एक एकर असावे लागते. भूमिहीन बाई खंडाने जमीन करते, तिचे नाव यशोगाथेत येतेही. परंतु मूळ कल्पना सुचली ती जमीन असलेल्या घराच्या उंबऱ्यावर. भूमिहीन बाई आराखडा आखायला पहिल्या दिवशी बसली असती, तर तिने एक एकरापासून सुरुवात केली नसती. ती गायरानापासून करती. प्रमुख कोण, यावर प्रश्नच बदलतो, तो असा.

आता तर पैशाची वाटही अरुंद झाली. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली, प्रशासनाचा खर्च वीस टक्क्यांवर आला, आणि पहिले खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतच काढावे लागते. मोठ्या संस्थेच्या हाताखाली चार पैसे घेऊन तालुक्यात धडपडणारी आपल्या पोरांची छोटी मंडळे यात आधी गेली. इंग्रजी अहवाल लिहू शकणारे, हिशेबनीस ठेवू शकणारे टिकले. म्हणजे तीच खुर्ची, तीच माणसे, आणि स्पर्धा कमी.

पुन्हा त्या पत्राकडे येतो. ते घेऊन आली होती माझी एक जुनी विद्यार्थिनी. आमच्याच वस्तीतली, समाजकार्याची पदवी घेतलेली, नऊ वर्षे त्या संस्थेत मानधनावर राबणारी. कोणत्या गावात कोणती फाईल कोणत्या तलाठ्याकडे अडली आहे, हे तिला पाठ आहे. अहवालातली अर्धीअधिक माहिती तीच गोळा करते. इंग्रजीत ती दुसरे कुणी लिहिते. मी तिला विचारले, “अगं, तू मंडळाच्या बैठकीत असतेस का?” ती म्हणाली, “असते ना सर. चहा आणि झेरॉक्सच्या वेळी.”

मी उत्तर लिहिले. प्रतिनिधी म्हणून माझे नाव नको. नऊ वर्षे काम करणारी व्यक्ती तुमच्याच घरात आहे, तिला घ्या, असे सांगून तिचे नाव घातले. पुढे अटी लिहिल्या : मंडळातल्या निम्म्या जागा काम चालणाऱ्या वस्त्यांनी, सभा घेऊन, ठरावीक मुदतीसाठी भराव्यात, अहवाल आणि जमाखर्च परदेशी पाठविण्याआधी समाजमंदिरात मराठीतून मोठ्याने वाचावा, छायाचित्राखाली माणसाचे नाव, त्याला विचारून, छापावे. पत्र तिला वाचून दाखविले. मला वाटले ती खूश होईल.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “सर, माझं नाव कशाला घातलं? मानधनावरचा माणूस विश्वस्त होत नाही, असं सांगतील.”

“संचालक पगार घेऊन बसतातच की मंडळावर.”

“ते त्यांना म्हणून दाखवा तुम्ही. तुमचं पेन्शन सुरू आहे. माझा करार मार्चला संपतो. पोरीची फी भरायचीय.”

मी तीस वर्षे वर्गात स्वानुभूती शिकविली. तिच्या समोर बसून मी तिच्याविषयी, तिला न विचारता, एक अर्ज लिहिला होता; अगदी अहवालासारखा.

“मग पत्र पाठवूच नको म्हणतेस?”

तिने कागद हाती घेतला, पुन्हा वाचला. “माझं नाव खोडा,” ती म्हणाली. “अटी राहू द्या. आणि जमाखर्च नुसता वाचावा असं नका लिहू. वाचल्यावर लोकांनी विचारलेले प्रश्नही अहवालात छापावेत, असं लिहा.”

तसे लिहून, तिचे नाव काढून, मी ते पत्र सोमवारी टपालात टाकले.