‘ज्युलिअस सीझर’मधील कॅशियस : एपिक्युरसचा सुखविचार आणि शकुनांवरील विश्वास

शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ (१५९९) या शोकात्मिकेतील कॅशियसकडे बहुधा मत्सरी कारस्थानी म्हणूनच पाहिले जाते. तो एपिक्युरसचा अनुयायी होता, ही बाब पाचव्या अंकातील कबुलीपुरती नोंदवली जाते. त्या कबुलीनुसार त्याने श्रद्धेपुढे बुद्धीची हार मान्य केली, असा अर्थ लावला जातो. तो प्रस्तुत लेखकास अपुरा वाटतो.

एपिक्युरसचे (इ.स.पू. ३४१–२७०) नाव निघताच आपल्याकडे चार्वाकाची आठवण काढली जाते, परंतु ही तुलना फार दूर नेता येत नाही. एपिक्युरसला अभिप्रेत असलेले सुख म्हणजे देहाची वेदनामुक्ती आणि मनाची अक्षुब्धता. देवांचे भय ही अक्षुब्धता भंग करते. म्हणून देव मानवी व्यवहारात लक्ष घालत नाहीत आणि मेघगर्जनेला नैसर्गिक कारणे असतात, असे तो शिकवतो. शकुनांचा नकार हे त्याच्या सुखविचाराचेच अंग आहे.

पहिल्या अंकातील वादळी रात्री कॅशियस उघड्या छातीने विजेला सामोरा जातो. येथवर तो गुरूचा शिष्य शोभतो. मात्र त्याच प्रवेशात, भेदरलेल्या कॅस्काला कटात ओढण्यासाठी, ते वादळ म्हणजे आकाशाने दिलेला इशारा आहे असे तोच पटवून देतो! पुढे सीझर अलीकडे शकुनभोळा झाल्याची शंकाही तोच काढतो.

फिलिपीच्या रणभूमीवर, स्वतःच्या वाढदिवशी, तो मेसालाजवळ आपले मत बदलल्याचे सांगतो. सार्डिसपासून सैन्यासोबत आलेले दोन गरुड उडून गेले आहेत आणि माथ्यावर डोमकावळे, कावळे व घारी घिरट्या घालीत आहेत. तथापि आपला विश्वास अंशतःच असल्याचे तो लगेच स्पष्ट करतो. या बदलाचा आधार प्लुटार्कमध्ये आहे. नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरातून तो शेक्सपिअरला मिळाला. ब्रूटसला दिसलेले भूत हा मनाचा खेळ आहे, असे कॅशियस त्याला समजावतो तो प्लुटार्कमधील प्रसंग मात्र नाटककाराने वगळला. कॅशियसचे तत्त्वज्ञान रंगभूमीवर युक्तिवाद म्हणून येत नाही; ते त्याच्या मृत्यूतून प्रकटते.

एपिक्युरसच्या मते इंद्रियसंवेदना खोटी नसते. चूक होते ती संवेदनेत मन जी भर घालते तिच्यात. कॅशियसची दृष्टी मंद, म्हणून टेकडीवरून पिंडारस पाहतो. घोडेस्वारांनी टिटिनियसला वेढले, तो घोड्यावरून उतरला, जयघोष झाला : हे सारे खरेच घडले. ‘तो पकडला गेला’ हा निष्कर्ष मात्र पिंडारसचा आहे आणि कॅशियस तो तत्काळ स्वीकारतो. गरुडांनी त्याला मारले नाही. पडताळणीची वाट न पाहता पिंडारसकडून तो स्वतःला भोसकून घेतो. गुरूचे मत सोडले त्याच दिवशी, गुरूने सावध केलेल्या प्रमादानेच त्याचा अंत व्हावा, ही या नाटकातील सर्वांत सूक्ष्म शोकात्म विसंगती होय.

थोड्याच वेळात टिटिनियस परततो. वेढा घालणारे स्वार ब्रूटसचे होते आणि त्यांनी दिलेली विजयमाला त्याच्याजवळ आहे. प्रेत पाहून मेसाला दोष देतो तो दैवाला नव्हे, तर खिन्न मनातून जन्मून नसलेले दाखवणाऱ्या भ्रमाला.