भीती कुणाची, टाळ्या कुणाला?

यश चोप्रांचा 'डर' हा चित्रपट २४ डिसेंबर १९९३ रोजी पडद्यावर आला. त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी तो अजून पाहिला जातो, आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाने अडखळत 'क-क-क-किरण' म्हटले की मांडव टाळ्यांनी दणाणतो. या टाळ्यांचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. चित्रपट म्हणून 'डर' फसलेला आहे असे माझे म्हणणे नाही. तो प्रेक्षकाला खिळवून ठेवतो. माझा प्रश्न वेगळा आहे. एका मुलीच्या भीतीची गोष्ट पाहायला आलेला प्रेक्षक त्या मुलीला सोडून तिला भेडसावणाऱ्याच्या बाजूला का जाऊन बसला? आणि ज्या समीक्षेने हा प्रश्न विचारायचा, तिने काय केले?

कथा सर्वांना ठाऊक आहे. किरण अवस्थी सिमल्याला शिकते. नौदलातला कमांडो सुनील मल्होत्रा याच्यावर तिचे प्रेम आहे. तिच्याबरोबर शिकलेला राहुल मेहरा तिच्यासाठी वेडा झाला आहे. हा राहुल सुनीलच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुलगा. तो तिला फोन करून छळतो, पाठलाग करतो, होळीच्या दिवशी तोंडाला रंग फासून गर्दीत मिसळतो, चाकूने छातीवर तिचे नाव कोरतो. लग्नानंतर जोडपे स्वित्झर्लंडला जाते, तर तिथेही पोचतो. अखेर सुनील त्याला ठार मारतो. चित्रपटाच्या इंग्रजी उपशीर्षकाचा अर्थ 'एक हिंसक प्रेमकथा' असा आहे. सगळी गोम या 'प्रेमकथा' शब्दात आहे. मुलीच्या होकार-नकाराला काडीची किंमत न देणारे गाणे त्यात आहे आणि ते लग्नाच्या वरातींतून प्रेमगीत म्हणून वाजत आले आहे.

प्रेक्षकांनी काय केले ते सनी देओलच्या तक्रारीतून कळते. तो या चित्रपटाचा नायक. खलनायकाचे असे उदात्तीकरण होणार आहे हे आपल्याला सांगितले नव्हते, असे तो पुढे मुलाखतींतून बोलत राहिला, आणि यश चोप्रांबरोबर त्याने पुन्हा काम केले नाही. शाहरुख खानला फिल्मफेअरने या भूमिकेसाठी खलनायकाचे नामांकन दिले, आणि त्याच वर्षीच्या 'बाजीगर'मधल्या खुनी प्रियकरासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक दिले. सरकारही मागे राहिले नाही. निकोप करमणूक करणाऱ्या सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'डर'ला मिळाला. निकोप! एका मुलीचे जगणे नकोसे करणारा माणूस तीन तास पाहावा आणि त्याला निकोप म्हणावे, हे ज्या समाजाला खटकत नाही त्या समाजाची प्रकृती तपासायला हवी. पुढे तर आणखी मौज झाली. 'दिल तो पागल है' (१९९७), 'कुछ कुछ होता है' (१९९८), 'कभी खुशी कभी गम' (२००१) या चित्रपटांत शाहरुखच्या नायकाचे नाव राहुलच राहिले. पाठलाग करणाऱ्याचे नाव प्रियकराचे नाव होऊन बसले.

वृत्तपत्री समीक्षेने अभिनयाची वाहवा केली. विद्यापीठीय समीक्षा अधिक खोल गेली हे मान्य केले पाहिजे. रंजनी मजुमदार यांनी सत्तरच्या दशकातला संतप्त नायक आणि नव्वदच्या दशकातला हा मनोविकृत नायक यांची तुलना केली. ती मला मोलाची वाटते. 'दीवार'मधला (१९७५) विजय गोदीत हमाली करतो. त्याच्या रागाला अन्यायाचा इतिहास आहे, जरी त्या इतिहासात जात सांगितलेली नाही. राहुलच्या हिंसेला असा इतिहास नाही. त्याच्याकडे बंगला आहे, गाडी आहे, अधिकाराच्या खुर्चीतला बाप आहे, आणि आई गेल्याचे एक खासगी दुःख आहे. एवढ्या दुःखावर प्रेक्षक त्याला सारे माफ करतो. मात्र ही समीक्षासुद्धा राहुलच्याच मनाचा तळ शोधत राहते. किरणच्या मनाला तळ असेल, ही शंका फारशी कुणाला येत नाही.

आणि हा 'डर' कोणत्या काळात आला? १९९३ च्या जानेवारीत मुंबईत दंगलीत माणसे कापली गेली, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. मराठवाड्यात नामांतराचा लढा शेवटच्या टप्प्यात होता आणि १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागले. 'डर' लागून तेव्हा तीनच आठवडे झाले होते. १९७८ साली घरे जळालेली पाहिलेली माणसे त्या हिवाळ्यात वस्त्यांतून जागी होती. भीती हा शब्द महाराष्ट्रात तेव्हा फार मोठा होता. पडद्यावरची भीती मात्र बंगल्याच्या पडद्याआड, टेलिफोनच्या घंटीत मावत होती. तिला पाहायला तिकीट लागत होते. आमच्या भीतीला कुणी तिकीट लावले नाही, आणि ती पाहायला कुणी आलेही नाही.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. चित्रपट आणि समाज यावर बोलताना वर्गात 'डर'चा विषय निघाला. तुमची सहानुभूती कुणाला, असे विचारले. मुले एकमुखाने म्हणाली, राहुलला. "मॅडम, त्याचं प्रेम खरं होतं." मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. पाच किलोमीटरवरच्या वस्तीतून ती एस.टी.ने येते. ती म्हणाली, "मॅडम, किरणला निदान फोन उचलून रडता तरी येतं. माझ्यामागं कुणी स्टँडवर उभं राहतं हे घरी कळलं, तर माझं कॉलेज बंद होईल." वर्ग गप्प झाला. तीस वर्षांच्या चर्चेत मला न सापडलेले वाक्य मला तिथे मिळाले. किरणच्या भीतीचा शेवट स्वित्झर्लंडमध्ये होतो. माझ्या विद्यार्थिनीच्या भीतीचा शेवट दाखल्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात होतो, आणि तिथेही खरे कारण कुणी लिहीत नाही. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे हा रकाना किती जणींच्या आयुष्याला पुरून उरतो, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता या सहानुभूतीची जात पाहू. अवस्थी, मल्होत्रा, मेहरा. प्रेम करणारे, प्रेम मिळवणारे आणि प्रेमात वेडे होणारे सगळे एकाच उंचीवरचे. त्यामुळे राहुलचे कृत्य गुन्हा न ठरता शोकांतिका ठरते. हाच राहुल गावकुसाबाहेरचा असता तर? उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून मारून झाडाला टांगले. त्याने कुणाचा पाठलाग केल्याची, छातीवर नाव कोरल्याची कथा नव्हती. २०१७ साली साक्षीदार उलटले आणि आरोपी सुटले. त्याच जिल्ह्यात सोनईला २०१३ मध्ये अशाच प्रेमाच्या कारणावरून तीन तरुण मारले गेले. त्या खटल्यात २०१८ साली सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. म्हणजे मेहराच्या छळाला आपण प्रेम म्हणतो आणि वस्तीतल्या मुलाच्या प्रेमाला छळ ठरवून त्याचा जीव घेतो. बाबासाहेबांनी १९१६ सालच्या जातीवरील निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे आणि तो टिकवण्यासाठी स्त्रीवर पहारा बसतो, हे दाखवून दिले. कुणाच्या प्रेमाला क्षमा मिळावी हे ठरवणारा प्रेक्षक त्याच पहाऱ्यावर उभा आहे. तिकीट काढून आला म्हणून तो पहारेकरी नसतो असे नाही.

एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. वर्गात "त्याचं प्रेम खरं होतं" म्हणणाऱ्यांत आपल्या वस्तीतले मुलगेही होते. ज्या बंगल्यात त्यांना दारातही उभे केले जाणार नाही, त्या बंगल्यातला माणूस त्यांना आपला वाटतो. त्याची श्रीमंती मिळणार नाही, त्याची जात मिळणार नाही. मिळण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बाईच्या नकाराला नकार देण्याचा हक्क. आणि तो हक्क ते वापरतात कुणावर? सवर्ण मुलीवर वापरण्याची हिंमत नाही, कारण खर्डा त्यांना माहीत आहे. तेव्हा तो स्टँडवर उभ्या असलेल्या आपल्याच बहिणींवर वापरला जातो. दलित स्त्रीच्या वाट्याला असा दुहेरी 'डर' येतो. गावाचा वेगळा आणि घराचा वेगळा. आपल्या साहित्याने गावाच्या भीतीबद्दल खूप लिहिले. घराच्या भीतीबद्दल स्त्रियांनी आत्मकथनांतून लिहिले, तेव्हा आपल्यातल्याच काहींना ते नको वाटले.

२०१३ साली पाठलाग हा भारतीय दंडविधानात स्वतंत्र गुन्हा झाला, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही तो आहे. कायदा बदलला हे चांगलेच झाले. पण तक्रार नोंदवायला ठाण्यात जायचे तर घरून परवानगी लागते, आणि वस्तीतून आलेल्या मुलीला ठाण्यात पहिला प्रश्न तिच्याच चालचलणुकीचा विचारला जातो. जोवर प्रेक्षकाच्या मनातला राहुल निर्दोष आहे, तोवर ठाणेदाराच्या मनातलाही निर्दोषच राहणार.

म्हणून दलित समीक्षेने चित्रपटाकडे करमणूक म्हणून पाठ फिरवू नये. कविता आणि कथा जितक्या कसून तपासतो तितक्याच कसून या टाळ्या तपासाव्यात. कोण रडले की प्रेक्षागृह हळहळते आणि कोण मेले तरी खुर्च्या करकरत नाहीत, हे एकदा नोंदवून ठेवावे. समाजाची खरी जनगणना तिथे होत असते. 'डर'च्या बाबतीत ती नोंद सरळ आहे. भीती किरणची होती, टाळ्या राहुलला मिळाल्या, आणि ज्या मुलींची भीती पडद्यावर आलीच नाही, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या एस.टी.ची वाट पाहत उभ्या राहिल्या.