गुण उत्तराला की घाईला?

प्रश्नमंजूषेचा खेळ आपल्याला नवा नाही. रेडिओवरील बोर्नव्हिटा क्विझ, १९८५ साली दूरदर्शनवर आलेला सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आणि २००० साली सुरू झालेले ‘कौन बनेगा करोडपती’ यांनी घरोघरी सामान्य ज्ञानाची गोडी लावली. मात्र या कार्यक्रमांत खेळणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ असत. खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हाती बटण देण्याचे काम यंत्राने केले. १९७६ साली अमेरिकेत नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत ‘क्विझ शो’ नावाचा खेळ आला. त्यात दोघे जण शेजारी उभे राहून चार पर्यायांपैकी एकाचे बटण दाबत.

आज तेच काम खिशातला फोन करतो. नॉर्वेत तयार झालेला आणि २०१३ साली सर्वांसाठी खुला झालेला ‘कहूट’ हा असाच एक खेळ. प्रश्न भिंतीवरच्या पडद्यावर दिसतो आणि प्रत्येकाच्या फोनवर लाल, निळे, पिवळे व हिरवे अशी चार बटणे उमटतात. वेळ संपली की कोण पुढे, कोण मागे ते लगेच जाहीर होते. हल्ली तो मित्रमंडळींच्या बैठकीत जसा खेळला जातो, तसाच वर्गातही. म्हणूनच शिक्षकांनी तो जरा बारकाईने तपासायला हवा.

खेळाची जमेची बाजू आधी सांगू. वर्गात हात वर करणारी मुले नेहमी तीच चार-पाच असतात. येथे मागच्या बाकावरच्या मुलालाही उत्तर द्यावेच लागते आणि चुकले तरी सर्वांसमोर मान खाली घालावी लागत नाही. हा लाभ लहान नाही.

आता गुणांकडे वळू. या खेळाच्या नेहमीच्या पद्धतीत बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात. उत्तराला जसजसा उशीर होतो तसतसे ते घटत जातात आणि अगदी शेवटच्या क्षणी ५०० वर येतात. चुकीच्या उत्तराला शून्य. समजा, प्रश्नाला २० सेकंद दिले आहेत. एक विद्यार्थिनी पूर्ण विचार करून २० व्या सेकंदाला उत्तर देते आणि तिचे प्रत्येक उत्तर बरोबर असते. दहा प्रश्नांत तिचे गुण होतील ५०००. दुसऱ्या विद्यार्थ्याला विषय अर्धामुर्धा ठाऊक आहे. चारपैकी दोन पर्याय चूक आहेत एवढेच त्याला कळते. उरलेल्या दोघांपैकी एकावर तो डोळे मिटून, पण पापणी लवण्याच्या आत बोट ठेवतो. त्याची सरासरी निम्मी उत्तरे बरोबर येतील आणि प्रत्येकी १००० च्या आसपास गुण मिळतील. म्हणजे त्याचेही ५०००!

पूर्ण ज्ञान अधिक सावकाशी, आणि अर्धे ज्ञान अधिक घाई, या दोन्हींची किंमत येथे सारखी ठरते. नशिबाने एखादा अंदाज जास्त लागला तर दुसरा विद्यार्थी पहिलीच्या पुढेही जातो. मुले हुशार असतात. कशाला गुण मिळतात हे त्यांना दोन डावांत कळते आणि त्याप्रमाणे ती खेळू लागतात.

घाईने नेमके काय हातचे जाते, याचे उदाहरण आमच्या तारापूरचेच देतो. येथील स्नेही मंडळींच्या एका डावात प्रश्न आला : ‘भारतातील पहिली अणुभट्टी कोठे उभारली गेली?’ पर्याय होते तारापूर, तुर्भे, कल्पक्कम आणि रावतभाटा. निम्म्याहून अधिक बोटे क्षणार्धात तारापूरवर पडली. बरोबर उत्तर तुर्भे. ‘अप्सरा’ ही संशोधनासाठीची अणुभट्टी तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तारापूर हे १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुवीजकेंद्र. भट्टी आणि वीजकेंद्र यांत फरक आहे, आणि प्रश्न त्या फरकावरच बेतलेला होता.

खरी मौज त्यानंतर झाली. मंडळींनी पुढचा प्रश्न येऊ दिला नाही. सगळ्याच अणुभट्ट्या वीज का करीत नाहीत, इथपासून वाद सुरू झाला आणि वीजकेंद्र समुद्राकाठीच का, इथवर पोहोचला. याचे उत्तर एका बटणात मावणारे नाही. अणुभट्टीत निर्माण झालेल्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते आणि त्यासाठी उरलेली दोन-तृतीयांश उष्णता कोठेतरी सोडावी लागते. येथील तिसरा व चौथा संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचा आहे. म्हणजे असा एक संच पूर्ण क्षमतेने चालताना सुमारे १००० मेगावॉटहून अधिक उष्णता पाण्याला द्यावी लागते. त्याला समुद्रच हवा, किंवा मोठे जलाशय, नाहीतर शीतक मनोरे. हे सर्व त्या रात्री बोलण्यात निघाले, कारण खेळ थांबला होता. खेळ आपल्या गतीने चालू राहता तर ‘तुर्भे’ एवढा एक शब्द हाती लागला असता.

तेव्हा खेळ टाकून द्यावा असे नव्हे. तो शिक्षकाच्या तालावर चालावा, एवढेच. पहिला उपाय वेळेचा. त्याच खेळात प्रश्नाला २० ऐवजी १२० सेकंद देता येतात. मग २० व्या सेकंदाला बरोबर उत्तर देणाऱ्या त्या विद्यार्थिनीला ५०० ऐवजी सुमारे ९१७ गुण मिळतात. अंदाजाने बोट ठेवणाऱ्याची सरासरी मात्र ५०० च राहते. सर्वांची उत्तरे आली की खेळ आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे तास वाया जाण्याची भीती नाही.

दुसरा उपाय थांबण्याचा. प्रत्येक उत्तरानंतर ‘हेच का?’ आणि ‘बाकीचे तीन का नाहीत?’ हे दोन प्रश्न तोंडी विचारावेत. तासाला वीसऐवजी सहाच प्रश्न झाले तरी चालेल. तिसरा उपाय, प्रश्न मुलांनाच तयार करू द्यावेत. बरोबर उत्तर पुस्तकात सापडते. पण खरे वाटतील असे तीन चुकीचे पर्याय सुचवायचे, तर विषय समजलेला असावा लागतो.

एक प्रयोग आपण सहज करून पाहू शकता. सारख्याच काठिण्याचे दहा-दहा प्रश्नांचे दोन संच घ्या. एक २० सेकंदांच्या मर्यादेने खेळवा, दुसरा १२० सेकंदांच्या. दोन्ही वेळी पहिल्या पाचांत आलेली नावे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि फरक पडला असेल तर तो का, हे मुलांनाच विचारा.