‘अधिकार देणे’ : न्यायव्यवहारातील एका प्रयोगाचे परीक्षण

न्यायसंस्थेविषयीच्या मराठी लेखनात ‘अधिकार देणे’ हा प्रयोग इतका रुळला आहे की, त्याच्या पोटात किती भिन्न कृती सामावल्या आहेत याचा विचार क्वचितच होतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरातही सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. ‘मुंबईने कोल्हापूरला अधिकार दिले’ असे या घटनेचे वर्णन केल्यास ते सुबोध वाटेल. यथार्थ मात्र ठरणार नाही.

या व्यवस्थेचा आधार राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ याच्या कलम ५१ चे पोटकलम (३) हा आहे. राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती जे ठिकाण नेमतील तेथेही न्यायाधीशांना बसता येईल, एवढेच ते सांगते. येथे नेमले जाते ते स्थळ. अधिकार हस्तांतरित होत नाही. कोल्हापुरात बसणारा न्यायाधीश मुंबईचा मुखत्यार नव्हे. त्याच्या रूपाने उच्च न्यायालयच तेथे बसलेले असते. कोणत्या न्यायाधीशाने कोणती प्रकरणे ऐकावीत हे मुख्य न्यायमूर्ती ठरवितात, ती दुसरी कृती. तीत कामाची वाटणी होते. खरे प्रत्यायोजन तिसरेच. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १२८ नुसार निबंधकासारख्या अधिकाऱ्याकडे काही न्यायिक, न्यायिककल्प व न्यायिकेतर कर्तव्ये नियमांद्वारे सोपविता येतात. ही कर्तव्ये मूळची न्यायालयाची असतात. अधिकाऱ्याकडे ती नियमांनी आखून दिलेल्या मर्यादेतच येतात.

नेमणे, वाटणे आणि सोपविणे ही तीन क्रियापदे मराठीत पूर्वापार आहेत. त्यांना बाजूस सारून सर्वत्र ‘देणे’ वापरले, म्हणजे पक्षकाराची दिशाभूल होते. कोल्हापूरचा निर्णय मुंबईच्या निर्णयाहून कनिष्ठ असावा, अशी शंका त्याच्या मनात या शब्दयोजनेतूनच उद्भवू शकते.

‘खंडपीठ’ या संज्ञेची स्थिती अधिक बिकट आहे. ती दोन न्यायाधीशांच्या पीठासाठी वापरली जाते आणि मुख्य स्थानाबाहेरील आसनासाठीही. परिणामी ‘कोल्हापूर खंडपीठातील एकलपीठ’ असा विचित्र शब्दप्रयोग संभवतो. शिवाय पोटकलम (२) अन्वये स्थायी खंडपीठ स्थापण्यास राष्ट्रपतींचा आदेश लागतो. तो भेद या शब्दात उरत नाही. औरंगाबादेत १९८१ साली पोटकलम (३) खालीच आसन सुरू झाले, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले आणि १९८४ मध्ये त्यास स्थायी रूप लाभले. या दोन अवस्थांना एकच नाव दिल्यास मधली वाटचालच भाषेतून पुसली जाते. ‘फिरते’ हे विशेषणही निर्दोष नाही; पोटकलमाच्या शब्दांत फिरण्याचा उल्लेख नाही.

लोकभाषेकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा करू नये, असा आक्षेप येईल. अनेक वर्षांच्या मागणीनंतर कोल्हापूरकरांनी ‘खंडपीठ मिळाले’ म्हणावे, यात वावगे काही नाही. तथापि अधिसूचनांचे अनुवाद, कोश आणि पाठ्यपुस्तके यांना ही सवलत घेता येणार नाही. अधिकार कोणाचा, तो कोणी वापरला आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे राहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या क्रियापदातून मिळत नाहीत ते न्यायव्यवहारास अपुरे होय. ‘प्रत्यायोजन’ हा भारदस्त शब्द स्वीकारल्यानेही ती उणीव भरून निघणार नाही. ‘सोपविणे’ जेथे योग्य आहे तेथेच तो योजिला पाहिजे.