भिंतीवरचे दप्तर

नाशिकच्या पांडवलेण्यांतला गौतमी बलश्रीचा लेख मराठी वाचकाला ऐकून तरी माहीत असतो. आपल्या मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाचे तिने कोरून ठेवलेले वर्णन पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सगळीकडे भेटते. त्याच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत खुद्द गौतमीपुत्राच्या कारभारातले आणखी दोन लेख आहेत. त्यांत पराक्रम नाही, शेतजमिनीचा व्यवहार आहे. प्राचीन महाराष्ट्र समजून घ्यायला माझ्या मते हे दोन लेख बलश्रीच्या प्रशस्तीहून अधिक मोलाचे आहेत. त्यांच्याकडे होणारे दुर्लक्ष हेच आपल्याकडच्या पुराभिलेखविद्येचे आजचे सर्वांत मोठे दुखणे आहे.

पहिली आज्ञा राजाच्या १८ व्या वर्षातली. गोवर्धनच्या अमात्याला राजा कळवतो, की पश्चिम कखडी गावातले आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्याच, डोंगरावरच्या भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी तिथे खणू नये, अशा सवलतीही सोबत आहेत. आज्ञा तोंडी झाली, अमुक अमात्याने ती लिहून घेतली, अमुक दिवशी पटिका, म्हणजे दानपत्र, दिली, असा सगळा तपशील शेवटी येतो. दुसरी आज्ञा सहा वर्षांनंतरची, २४ व्या वर्षातली. आधी दिलेले शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती राहिलेली नाही; तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असे तिच्यात आहे. या खेपेला राजासोबत राजमातेचाही उल्लेख आहे. गाव का ओस पडले ते लेख सांगत नाही. पण ज्याच्या ताब्यातले हे शेत होते तो उषवदात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, आणि त्या घराण्याचा गौतमीपुत्राने नुकताच पाडाव केलेला. लढाईनंतरच्या मुलखाची अवस्था विजयाच्या वर्णनातून कळत नाही. ती या दुरुस्तीपत्रातून कळते.

भिंतीवर आहे ती नक्कल. मूळ हुकूम, पटिका, कचेरीतली नोंद यांतले काहीच उरलेले नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूने ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातले पपायरसचे लाखो तुकडे जपले; तिथे भाडेकरार, पावत्या, घरगुती पत्रे, सगळे वाचायला मिळते. आपल्या पावसाळी हवेत कापड, पान, लाकडी फळा यांचा टिकाव लागला नाही. टिकला तो बेसॉल्ट, आणि त्यावर कोरायला ज्यांना जागा आणि पैसा मिळाला तेवढ्यांचाच व्यवहार आपल्या हाती आला. दान दिलेली जमीन दिसते, विकलेली दिसत नाही. संघाला ठेव देणारा दिसतो, कर्जात बुडालेला दिसत नाही. लेण्यांतल्या लेखांवरून ‘सातवाहनकालीन समाज’ रंगवताना ही मर्यादा पानापानावर सांगायला हवी. बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत ती एकदाही सांगितलेली नसते.

मर्यादा ओळखून वाचले तर मात्र दगड किती बोलतो, ते नाशिकच्याच दहाव्या लेण्यात पाहावे. उषवदाताने तिथे लेणे दिले आणि ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायची कायमची ठेव, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशोब करून पाहा. २,००० चे महिन्याचे व्याज २०, वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंना १२ प्रमाणे लागतात तेही बरोबर २४०. म्हणजे आधी खर्च ठरवला, मग त्याला पुरेल एवढे मुद्दल काढले. हे सगळे निगमसभेत ऐकवले आणि फलकावर नोंदवले, असेही लेख सांगतो. धार्मिक दानाच्या या एका नोंदीत सावकारी, कारागिरांची पत, नगरसभा आणि कचेरी एकत्र सापडतात. काही काळानंतरचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला लेखही याच जातीचा. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, तेली वगैरेंच्या श्रेण्यांकडे रकमा ठेवल्या. एका बाईच्या नावावर, बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या नावांसह, वैद्यकीय ठेव. यावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे.

या लेखांचे वाचन झाले कसे, हाही विषय अभिमानाचा आहे. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे सोडवले. त्यानंतर मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यालेण्यांत जाऊन काम केले. भगवानलालांचे नाशिकचे वाचन १८८३ च्या गॅझेटियरमध्ये आले, ब्यूलरचेही त्याच वर्षी. १९०५-०६ मध्ये एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त नाशिकचे लेख नव्याने संपादित केले. पुढे वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख मराठीत आणले. दा. ध. कोसंबींनी कार्ल्याच्या लेखांवरून व्यापारी वाटा आणि विहारांचे अर्थकारण यांचा माग काढला, हिमांशू प्रभा राय यांनी १९८६ मध्ये विहार आणि श्रेणी यांचे नाते सविस्तर मांडले, आणि शोभना गोखले यांचे कान्हेरीच्या लेखांवरचे पुस्तक १९९१ मध्ये डेक्कन कॉलेजने काढले.

एवढी परंपरा असूनही नाशिकच्या लेखांबद्दल बोलताना आपण आजही बहुधा सेनारच्या पाठावर उभे असतो. तो पाठ उत्तम आहे, पण शंभरावर वर्षांचा आहे. अडते ते इथे, की उद्धृत करणारे अनेक जण मूळ पाठही पाहत नाहीत. इंग्रजी भाषांतरावरून मराठी, त्यावरून आणखी एक मराठी, अशी उसनवारी चालते. संपादकाने चौकटी कंसात टाकलेले, म्हणजे फुटक्या जागी अंदाजाने भरलेले अक्षर दुसऱ्या पिढीत कंसाबाहेर येते आणि तिसऱ्या पिढीत पुरावा होते. नाणेघाटच्या लेखात मोठाले भाग फुटलेले आहेत. त्यावर लिहिताना तरी ही काळजी हवीच. नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची, की त्याच्या राज्याची, यावर अर्धे शतक इकडचे तिकडे होते. तरीही सर्रास एकच तारीख, वाद आहे हे न सांगता, छापली जाते.

साधने आता पूर्वीसारखी दुर्मीळ नाहीत. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, वरून शाई फिरवून ठसा घ्यायची पद्धत अजून चालू आहे आणि ती चालू राहावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूरच्या शाखेतले जुने ठसे आज झिजलेल्या लेखांचे एकमेव साक्षीदार ठरू शकतात. जोडीला वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश पाडून घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र केली, की डोळ्यांना न दिसणारी रेघ उठून येते. आंध्रातल्या प्राचीन लेखांची ‘अर्ली इन्स्क्रिप्शन्स ऑफ आंध्रदेश’ ही आवृत्ती आर्लो ग्रिफिथ्स, व्हिन्सेंट तूर्निए आणि सहकाऱ्यांनी संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहे. पाठ, पाठभेद, भाषांतर, आधीच्या संपादकांचे मत, सगळे एका जागी. सातवाहनांचा अर्धा संसार तिकडे असा नीट मांडला जात असताना इकडच्या अर्ध्याकडे तशाच निष्ठेने पाहायला हवे.

उत्साहाची वाण नाही. ब्राह्मी शिकवणाऱ्या कार्यशाळांना गर्दी होते, तरुण मुले डोंगर चढून लेख शोधतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण अक्षरे काही दिवसांत येतात. प्राकृत यायला वर्षे लागतात, आणि तिचे रीतसर शिक्षण देणाऱ्या जागा थोड्या आहेत. अक्षर लावता येते पण वाक्य लागत नाही, अशा अवस्थेत केलेले ‘नवे वाचन’ वर्तमानपत्रात आधी छापले जाते आणि तपासले कधीच जात नाही. अक्षर उठून दिसावे म्हणून दगडात खडू किंवा पीठ भरण्याची सवय तर ताबडतोब थांबली पाहिजे. आधीच सुटू लागलेला पापुद्रा त्या घासण्याने जातो.

काम सुरू करायला पांडवलेणीच योग्य. तिथले लेख पंचवीस-तीसच्या घरात आहेत, म्हणजे प्राकृत जाणणारा, छायाचित्रकार आणि अर्थव्यवहाराचा अभ्यासक अशा तिघांना काही वर्षांत पेलणारे. प्रत्येक लेखाचे आजचे छायाचित्र, जुना ठसा, कंसांसकट पाठ आणि समोरच्या पानावर मराठी भाषांतर एवढे तरी हवे. जुन्नर, कार्ले आणि कान्हेरी त्यानंतर घ्यावीत.